टीवरची आडवी रेघ

वेल्समधल्या आमच्या ब्रिनगारेग गावात बहुतेक घरांत कपबशांच्या कपाटाखाली एक खण असतो. त्यात जन्माचे दाखले, आजोबांचा स्लेटच्या खाणीतला बिल्ला, कुणाचे तरी दुधाचे दात आणि फिक्या निळ्या कागदावरची पत्रं असतात. घरातली जितकी माणसं गेली तितकी पत्रं. माणूस पुरला की आठ दिवसांच्या आत चॅपलकडून, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराकडून, घरच्यांना पत्र येतं. ते हातानं लिहिलेलं असतं आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आम्हाला ख्वीथ वाटतं.

ख्वीथ म्हणजे डावा. डावा हात, डावी बाजू. पण आमच्या वेल्शमध्ये माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना जे वाटतं त्यालाही हाच शब्द आहे. नवरा गेला की बायकोला ख्वीथ वाटतं. घर तेच, खुर्ची तीच, पण सगळं उलट्या हाताला आल्यासारखं. यासाठी वेगळा शब्द हवा असं आमच्याकडे कुणाला वाटलेलं नाही.

१९६४ ते २०११ या सत्तेचाळीस वर्षांत गावात अशी तीनशेच्या वर पत्रं गेली. सगळ्यांखाली सही एकच: नेस्टा पेन्री, चिटणीस. अक्षर उभं आणि सुटं, कुठं डाग नाही. नेस्टा पोस्टाच्या खिडकीवर काम करायची. तिथं ती पावत्या, फॉर्म, सगळं मोठ्या छापील अक्षरांत लिहायची. चांगलं अक्षर तिनं मरणासाठी राखून ठेवलंय, असा गावात विनोद होता. नेस्टा त्यावर हसायची. तिची धाकटी बहीण तेगवेन शेजारी उभी असली तर ती हसायची नाही.

तेगवेनचा जन्म १९४५चा. तिनं चमचा पहिल्यांदा डाव्या हातात धरला आणि तिथंच ठेवला. वडील, ग्रिफिथ पेन्री, खाणीच्या शेडमध्ये दगड चिरून छपरासाठी पातळ स्लेटा काढायचे. शेडमध्ये माणसं ओळीनं बसत, छिन्नी डाव्या हातात आणि हातोडा उजव्या. मध्ये एखादा डावखुरा बसला की त्याचं कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जायचं. त्यामुळे ग्रिफिथना मुलीच्या हाताचा राग नव्हता, काळजी होती. हिला ओळीत कुठं बसवायचं, असं ते बायकोला विचारत. गावानं तिची सोय लावली. आमच्याकडे एकाच नावाची माणसं फार, म्हणून नावापुढे धंदा नाहीतर खोड जोडतात. जोन्स दूध, ग्विलिम बस. ती तेगवेन डावरी झाली.

शाळेत हम्फ्रीज मास्तरांनी तिला कधी मारलं नाही. ते आवाज न चढवणारे गृहस्थ होते. त्यांनी तिच्या डाव्या तळव्याखाली बिस्किटाएवढा स्लेटचा तुकडा ठेवला. उजव्या हातानं लिहीत असताना तो हलता कामा नये. हलला तर मधल्या सुट्टीत आत बसायचं. हा तुकडा चार वर्षं बाकावर होता. त्या काळातल्या तिच्या दोन वह्या उरल्या आहेत. त्यांतली अक्षरं कुंपणावरून उडी मारताना अडकलेल्या मेंढ्यांसारखी दिसतात.

घरी स्वयंपाकघरात आई काही म्हणायची नाही. तिथं तेगवेन डाव्या हातानं लिहायची. डाव्या हाताची पंचाईत अशी की हात टाकाच्या मागोमाग येतो आणि ओली शाई पुसत जातो. ती हे टाळायला स्वतःच शिकली. कागद पूर्ण आडवा करायचा, आणि ओळ डावीकडून उजवीकडे न लिहिता वरून खाली, आपल्या पोटाकडे लिहीत यायची. मग हात कोरड्या बाजूला राहतो. लिहून झाल्यावर कागद सरळ केला की तो कुणी कसा लिहिला हे कळत नाही. म्हणजे, जवळजवळ कळत नाही.

१९५६च्या वसंतात चॅपलचा दरवर्षीचा मेळावा होता. गाणं, पाठांतर, विणकाम, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी हस्ताक्षर. दिलेली आठ ओळींची कविता एका कागदावर लिहायची, खाली टोपणनाव घालायचं. खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात, पाकिटावर टोपणनाव. परीक्षकाला कागद कुणाचा हे कळू नये म्हणून ही पद्धत. पेन्रींच्या घरातून दोन कागद तयार झाले. नेस्टा तेरा वर्षांची होती, तिनं 'चांदणी' असं नाव घेतलं. अकरा वर्षांच्या तेगवेननं 'पाणकोंबडी'. टोपणनाव कुणाला सांगायचं नाही, हा नियम दोघींनी घरातही पाळला.

कागद द्यायच्या शेवटच्या दिवशी ग्रिफिथ खाणीवर निघाले तेव्हा मुली उठल्या नव्हत्या. टेबलावर दोन कागद होते, दोन पाकिटं होती, आणि नावाच्या चिठ्ठ्या भरायच्या राहिल्या होत्या. त्यांनी कागद बघितले. एक चांगला होता. दुसऱ्यात एकही चूक काढता येत नव्हती. ग्रिफिथनी तेगवेनच्या शाळेच्या वह्या पाहिल्या होत्या, त्यामुळे त्यांना विचार करावा लागला नाही. पाणकोंबडीच्या पाकिटात त्यांनी नेस्टाचं नाव घातलं आणि चांदणीच्या पाकिटात तेगवेनचं. तेगवेनला एवढं तरी साधलं म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. वाटेत चॅपलच्या दाराखालून त्यांनी कागद आणि पाकिटं आत सरकवली.

परीक्षक हम्फ्रीज मास्तर होते. व्यासपीठावर उभं राहून त्यांनी पहिला आलेला कागद लोकांना दाखवला आणि म्हणाले, "उजवा हात नीट वळवला तर काय करू शकतो, ते इथं बघा." मग त्यांनी हाक मारली, "पाणकोंबडी, उभी राहा."

लोक हसले. कुणी उठलं नाही.

तेगवेन तिसऱ्या बाकावर होती. उठावं तर मास्तर विचारणार, हे कुठल्या हातानं लिहिलंस. उजव्या हातानं म्हणावं तर खोटं, आणि उद्या वर्गात लिहून दाखवावं लागेल. डाव्या म्हणावं तर चार वर्षांच्या दगडाचं काय? तिनं हा हिशोब पुढे एकदाच, म्हातारपणी सांगितला, तोही इतक्याच शब्दांत. मास्तरांनी दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारून कुणी उठलं नाही की पाकीट उघडतात. त्यांनी ते उघडलं आणि वाचलं, "नेस्टा पेन्री."

नेस्टानं बहिणीकडे बघितलं. वडील टाळ्या वाजवत होते. ती उठली, पुढे गेली, आणि मास्तरांच्या बायकोनं तिच्या गळ्यात रिबिनीची लाल सॅटिनची पिशवी घातली. आमच्याकडे बक्षीस असं देतात, पिशवीत नाणं आणि पिशवी गळ्यात. त्या संध्याकाळी नेस्टानं पिशवी तेगवेनच्या उशीवर ठेवली. तेगवेननं ती परत नेस्टाच्या उशीवर ठेवली. पुढे पंचावन्न वर्षं दोघींत या विषयावर सरळ बोलणं झालं नाही.

१९६४मध्ये चॅपलचे जुने चिटणीस वारले. त्यांच्या घरी पत्र पाठवायचं तर लिहिणाराच गेलेला. वडीलधाऱ्यांना बक्षीस आठवलं. त्यांनी निळे कागद आणि शाईचं पेन नेस्टाच्या हातात दिलं. एकवीस वर्षांची नेस्टा घरी आली, सगळं टेबलावर तेगवेनपुढे ठेवलं आणि म्हणाली, "तू लिही. त्यांनी मागितलंय ते तुझंच."

"सही?"

"सही माझी मागितलीय."

तेगवेननं कागद आडवा केला.

ही वाटणी तशीच राहिली. आईवडील गेले, दोघींनी लग्नं केली नाहीत, त्याच घरात राहिल्या. तेगवेन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. गावात कुणी गेलं की नेस्टा त्या घरी जाऊन बसायची. तिला ऐकता यायचं. ती कोट न काढता दीड-दोन तास बसायची आणि घरी येऊन मजकूर सांगायची. जोन्स दूध गेले तेव्हा तिनं सांगितलं, लिही, की तुमच्या फाटकाची कडी इतक्या हळू लावणारा दुसरा माणूस आम्हाला माहीत नाही. जोन्सबाईंनी ते वाक्य पुढे वीस वर्षं लोकांना ऐकवलं. नेस्टा सांगायची, तेगवेन लिहायची, सहीसुद्धा तेगवेनच करायची. १९७१मध्ये हम्फ्रीज मास्तर वारले. त्यांच्या बायकोला जे पत्र गेलं त्याला तेगवेननं इतर पत्रांपेक्षा कमी वेळ लावला नाही आणि जास्तही नाही.

मास्तर गेल्यावर भीती कुणाची उरली नव्हती. पण तोवर सात वर्षांची पत्रं गावात पोचली होती. आता बोलायचं तर नेस्टा खोटी ठरणार. तेगवेन बोलली नाही.

नेस्टा २०११च्या मार्च महिन्यात गेली, अडुसष्टाव्या वर्षी. पेटी बंद करायच्या आधी तेगवेननं लाल पिशवी आणून तिच्या हाताशी ठेवली. हे काय, असं पेटीवाल्यानं विचारलं. "तिला मिळालेली आहे," तेगवेन म्हणाली.

चॅपलकडून तेगवेनला पत्र आलं, ते छापील. वडीलधाऱ्यांत आता ग्विलिम बस मुख्य होता. चाळीस वर्षं डोंगरातल्या रस्त्यांवर बस चालवलेल्या या माणसाला कागदाची धास्ती होती. त्यानं मुलीकडून कॉम्प्युटरवर मजकूर करून घेतला. तो स्वतःच पत्र घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "तेगवेन, लिहिणार कोण? नेस्टाच्या बहिणीला हातानं लिहायची छाती कुणाची?"

तिनं वाचलं. "स्वच्छ आहे," ती म्हणाली, आणि ते खणात ठेवलं.

सहा आठवड्यांनी वरच्या वाटेवरचा इदवाल ओवेन गेला. त्याची बायको हान्ना गावात तोंडासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या खणात नेस्टाच्या सहीची तीन पत्रं होती, आईचं, वडिलांचं आणि भावाचं. दफनानंतर दुसऱ्या दिवशी तिनं तेगवेनला दुकानासमोर गाठलं आणि विचारलं, नेस्टानं काही लिहून ठेवलंय का, वरची एखादी ओळ, कोऱ्या कागदावर सही, काहीही.

"मेलेली बाई इदवालसाठी कशाला लिहून ठेवेल?"

"मग त्याला ग्विलिमच्या पोरीचं मशीन?" हान्ना म्हणाली. "माझ्या बापाला हातानं, आईला हातानं, आणि माझ्या माणसाला विजेच्या बिलासारखं."

तेगवेन घरी आली. निळे कागद अर्धा गठ्ठा शिल्लक होते. लिहिलं नाही तर इदवालच्या घरी छापील कागद जाणार. लिहिलं तर हान्ना विचारणार, आणि एकतर नेस्टाचं पितळ उघडं पडणार, नाहीतर तेगवेन मेलेल्या बहिणीच्या अक्षराची चोर ठरणार. शिवाय मजकूर सांगायला कुणी नव्हतं. ती हान्नाच्या घरी जाऊन आली. नेस्टासारखीच कोट न काढता बसली. पण तिला काय ऐकायचं ते कळलं नाही. हान्ना बोलत होती, ही घड्याळाकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी तिनं पत्र लिहिलं, सहा ओळींचं. इदवाल प्रामाणिक होता, चॅपलचं छप्पर त्यानं दोनदा फुकट शाकारलं होतं, त्याची जागा रिकामी राहील. खाली तिनं सही केली: तेगवेन पेन्री. त्या कागदावर त्या अक्षरात हे नाव पहिल्यांदा उमटलं. तिनं ते स्वतः नेऊन हान्नाच्या दारातून आत टाकलं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर वार्षिक सभा होती, चॅपलमागच्या खोलीत. चौदा माणसं आणि किटलीभर चहा. हान्ना पत्र घेऊनच आली होती आणि ते हातोहात फिरलं. सगळ्यांचं एकमत झालं. हुबेहूब नेस्टा. कुणी म्हणालं, रक्तच एक. कुणी म्हणालं, सहा आठवड्यांत बहिणीचं अक्षर उचलायचं म्हणजे केवढी माया. हान्नानं विचारलं, "किती कागद वाया घालवलेस गं शिकायला?"

तेगवेननं भिंतीकडे बघितलं. तीच खोली होती. मेळाव्याच्या दिवशी मुलांचे कागद याच भिंतीवर टाचणीनं लावले होते.

ग्विलिमनं चिटणीसपदासाठी तिचं नाव सुचवलं. सगळ्यांनी हात वर केले. मग तो म्हणाला की इतिवृत्तात पहिली नोंद अशी घालूया: नेस्टाचं अक्षर पुढे चालू ठेवल्याबद्दल तिच्या बहिणीचे आभार. त्यानं जाड वही तेगवेनपुढे सरकवली, वर पेन ठेवलं.

"ही नोंद घालता येणार नाही," तेगवेन म्हणाली.

"का? लाजतेस काय?"

"खरं नाही म्हणून."

ती उठून उभी राहिली. वही उचलून तिनं आडवी केली, पेन डाव्या हातात घेतलं आणि उभ्यानंच वरून खाली एक ओळ लिहिली. मग वही सरळ करून टेबलाच्या मध्ये ठेवली. ओळ अशी होती: आम्हाला ख्वीथ वाटतं.

वही हातोहात फिरली. मग ग्विलिमची बायको म्हणाली, "अक्षर तसंच काढलंस, पण त्यानं काय सिद्ध होतं? शिकलीस म्हणून तर आभार."

"टीवरची आडवी रेघ बघा," तेगवेन म्हणाली. "उजव्या हाताचा माणूस ती डावीकडून ओढतो. पेन टेकतं तिथं शाई जास्त पडते, म्हणून जाड टोक डावीकडे येतं. माझं उजवीकडे येतं. ख्वीथ लिहिताना शेवटी टी-एच येतात, तिथंच टी आहे. आपापल्या घरी जाऊन बघा. चौसष्ट सालापासूनची सगळी बघा."

हान्नाच्या पिशवीत आईवडिलांची आणि भावाची पत्रं होती. इदवालच्या पत्राशी ताडून बघायला तिनं आणली होती. तिनं चष्मा लावला आणि चारही पत्रं टेबलावर ओळीनं मांडली. कोपऱ्यातली किटली थंड होईपर्यंत ती बघत होती.

"मग नेस्टा काय करायची?" तिनं विचारलं.

"शब्द तिचे. सगळे. मी फक्त हात."

"आणि ते बक्षीस? ती लाल पिशवी?"

"वडिलांनी पाकिटांत नावं उलटी घातली. त्यांना खरंच तसं वाटलं. ती उठली कारण तिचं नाव वाचलं, आणि मी उठले नाही." तेगवेन खाली बसली. "तिला चोर म्हणायचं नाही. म्हणायचं असेल तर मी चिटणीस होणार नाही."

म्हटलं नाही कुणी, निदान तिथं. ग्विलिमच्या बायकोला मात्र फसवल्यासारखं वाटलं आणि तिनं ते लपवलं नाही. माझ्या आईचं पत्र नेस्टाचं म्हणून मी जपलं, ते आता कुणाचं समजू, असं तिनं विचारलं. ग्विलिमनं तिला गप्प बसायला सांगितलं, मग स्वतःच डोकं खाजवत म्हणाला की इतिवृत्तात काहीतरी जायलाच हवं, सभा झालीय. तेव्हा तेगवेननं स्वतः नोंद लिहिली. ती अशी: सन १९६४ ते २०११ या काळातली चॅपलची शोकपत्रं तेगवेन पेन्री यांच्या हातची असून मजकूर नेस्टा पेन्री यांचा आहे, असं सभेत सांगण्यात आलं. ग्विलिमनं खाली सही केली. सही केल्यावर त्यानं आपला टी कसा येतो ते निरखून बघितलं, पण त्याच्या नावात टी नाही हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

त्या आठवड्यात गावात बरेच खण उघडले गेले. दुकानात लोक एकमेकांना सांगत होते, आमच्याकडे सात, आमच्याकडे चार, जाड टोक उजवीकडे. जोन्सबाईंच्या नातवानं भिंग आणलं. तेगवेन डावरी दुकानात आली की बोलणं थांबायचं आणि ती पाव घेऊन जायची.

हान्ना मात्र सरळ तिच्या घरी आली. चारही पत्रं तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

"अक्षर चारांचं एकच आहे," ती म्हणाली. "पण या तीन पत्रांनी मला रडू येतं आणि इदवालच्यानं येत नाही."

"माहीत आहे मला."

"छप्पर शाकारलं म्हणे. छप्पर तर कंत्राटदारसुद्धा शाकारतो."

"मग काय लिहायला हवं होतं?"

हान्नानं कोट काढला नव्हता. ती खुर्चीत बसली, आणि इदवाल रोज सकाळी तिच्या चहात साखर घालून ढवळायचा आणि मग चमचा चोखून बशीत ठेवायचा, त्यावरून सदतीस वर्षं भांडण चाललं, आणि आता चमचा कोरडाच राहतो, असं तिनं सांगितलं. सांगताना ती वैतागलेली होती.

तेगवेननं खणातून निळा कागद काढला आणि आडवा केला. "पुन्हा सांग," ती म्हणाली. "हळू."

पुढची आठ वर्षं, तेगवेनचा हात थरथरायला लागेपर्यंत, गावातल्या पत्रांखाली दोन सह्या असायच्या. कुणी गेलं की हान्ना त्या घरी जाऊन बसायची, आणि तेगवेन आपल्या टेबलाशी तिची वाट बघायची. दुसरी सही हान्ना स्वतःच्या हातानं करायची. ती वाकडी आहे, आणि हान्ना या नावातल्या दोन्ही एनांमध्ये शाई फुटलेली आहे.